तो गेला, आणि आता दादाची भीती वाटते

ताई, नमस्कार. मी ३९ वर्षांची, नाशिकला राहते. मी दहा वर्षांची असताना आईबाबा वेगळे झाले. आमच्या आळीत असं घर एकच होतं, आमचं. पुढे केबलवर रॉबिन विल्यम्सचा 'मिसेस डाउटफायर' लागला, घटस्फोटानंतर मुलांजवळ राहता यावं म्हणून म्हातारी आया बनणाऱ्या बापाचा. दादा आणि मी तो किती वेळा पाहिला असेल, सांगता येणार नाही. दादा त्यातल्या म्हातारीची हुबेहूब नक्कल करायचा आणि घरात बऱ्याच दिवसांनी हसू यायचं. २०१४ मध्ये रॉबिन विल्यम्सने आत्महत्या केल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. अजूनही ऑगस्ट आला की मन जड होतं. नवरा म्हणतो, "कोण कुठला तो, त्याचं सुतक तू कशाला धरतेस?"

खरी भीती वेगळीच आहे. दादा आता ४३ वर्षांचा आहे. लग्नकार्यात त्याच्याभोवती कोंडाळं असतं, सगळ्यांच्या नकला करून हसवतो. दीड वर्षापूर्वी त्याची नोकरी गेली. चार लोकांत तो अजूनही तसाच असतो. पण वहिनी सांगते की घरी खोलीतून बाहेर येत नाही, रात्र रात्र जागा असतो. गणपतीत पंगतीला बसलेलो असताना म्हणाला, "मी नसलो तर तुमची एक कटकट कमी होईल." सगळे हसले. मला घास गिळवेना. आई म्हणते, "त्याला काय धाड भरलीय, सगळ्यांत हसरा तोच आहे." ताई, हसवणारी माणसं आतून अशीच असतात का? आणि मी विचारायला गेले आणि त्याच्या मनात नसलेलं मीच घातलं तर?
– एक बहीण, नाशिक

प्रिय बहिणीस,

दादाशी याच आठवड्यात बोला. कसं बोलायचं ते पुढे सविस्तर लिहिते आहे, पण उत्तराची सुरुवात इथूनच करायला हवी. पंगतीतलं ते वाक्य तुम्ही विनोद म्हणून सोडून दिलं नाही, हे फार चांगलं केलंत. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. मानसोपचार क्षेत्रात हे आता नीट तपासलं गेलं आहे. ज्याच्या मनात तो विचार असतो त्याला कुणीतरी थेट विचारलं की बहुतेक वेळा हायसंच वाटतं, कारण एकट्याने सांभाळलेली गोष्ट बोलायला वाट मिळते. ही भीती मनातून काढून टाका.

आता तुमच्या दुःखाबद्दल. ते मला अजिबात वेडेपणाचं वाटत नाही.

ज्या वयात घरातलं मोठं माणूस तुमच्याशी त्या विषयावर एक शब्द बोलत नव्हतं, त्या वयात एक माणूस पडद्यावरून बोलला. त्या चित्रपटाचा शेवट आठवून पाहा. आईवडील पुन्हा एकत्र येत नाहीत. आपल्याकडे त्याच कथेवरून १९९७ मध्ये 'चाची ४२०' आला, त्यात शेवटी नवराबायको एक होतात. बघणाऱ्यांना तेच हवं असणार, आणि तो चित्रपट मलाही आवडतो. पण ज्या मुलांचे आईबाबा परत एकत्र आले नाहीत, त्यांच्यासाठी मूळ चित्रपटाचा शेवट होता. शेवटी ती म्हातारी टीव्हीवर एका लहान मुलीच्या पत्राला उत्तर देते. आईवडील वेगळे झाले तरी घर मोडलं असं होत नाही, कुटुंबं अनेक तऱ्हेची असतात, हे तिला समजावते. १९९० च्या दशकातल्या नाशिकमध्ये हे दुसरं कोण तुम्हाला सांगणार होतं? तो माणूस गेल्यावर तुम्हाला रडू आलं, यात नवल काहीच नाही.

आपल्याकडे सुतकाचे दिवस नात्यावरून ठरतात. सख्खं, चुलत, सोयर, सगळ्याचा हिशोब आहे. ज्याने बालपणातला एक कोपरा उजळला अशा अनोळखी माणसासाठी त्यात जागा नाही, म्हणून तुमचा शोक वर्षानुवर्षं वाट शोधत राहतो आणि ऑगस्टमध्ये वर येतो. पण लोकांनी तो नेहमीच केलेला आहे. १२ जून २००० ला पु. ल. देशपांडे गेले, १६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले, तेव्हा त्यांना कधी प्रत्यक्ष न भेटलेल्या घरांतही माणसं सुन्न झाली होती. रॉबिन विल्यम्स गेल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत ज्या घराबाहेर त्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं होतं, त्या स्टाइनर स्ट्रीटवरच्या घराच्या पायऱ्यांवर लोकांनी फुलं आणून ठेवली. बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये १९९७ च्या 'गुड विल हंटिंग'मधला त्याचा प्रसंग जिथे घडतो, त्या बाकाभोवतीच्या जमिनीवर खडूने त्याचे संवाद लिहिले. ही सगळी माणसं त्याच्यासाठी परकीच होती. तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की तुम्ही त्यांच्याकडून सहभाग मागत नाही, फक्त टोमणा नको आहे.

मात्र तुमच्या पत्रातल्या एका प्रश्नाशी मला जास्त वेळ थांबायचं आहे. "हसवणारी माणसं आतून अशीच असतात का?" हा प्रश्न तुम्हाला कुठून मिळाला ते मला माहीत आहे. रॉबिन विल्यम्सच्या मृत्यूनंतर जगभर हेच लिहिलं गेलं. हसरा मुखवटा, आत रडणारा विदूषक, जगाला हसवलं आणि स्वतः मात्र वगैरे. वाचायला हे हृदयस्पर्शी वाटतं. पण त्याच्या आयुष्याच्या शेवटी जे घडलं ते याहून बरंच वेगळं होतं.

तो ११ ऑगस्ट २०१४ ला कॅलिफोर्नियात स्वतःच्या घरी गेला, ६३ व्या वर्षी. सुरुवातीच्या बातम्यांत नैराश्य आणि जुनं व्यसन एवढंच होतं. काही दिवसांनी त्याची पत्नी सुझन श्नायडर विल्यम्स यांनी जाहीर केलं की त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं होतं. ते त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं. मग शवविच्छेदनात निघालं ते आणखी वेगळं: ल्युई बॉडीचा आजार. यात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाचे गोळे साठत जातात आणि स्मृती, झोप, हालचाल, भावना, वास घेण्याची शक्ती, सगळ्यावर घाला येतो. त्याच्या मेंदूत तो जवळजवळ सर्वत्र पसरलेला होता. शरीरात दारू किंवा अमली पदार्थ सापडले नाहीत.

२०१६ मध्ये सुझन यांनी मेंदूविज्ञानाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांना उद्देशून एक लेख लिहिला. ज्यांना या माणसाबद्दल शोक वाटतो त्यांनी तो वाचावा, असं मला मनापासून वाटतं. त्यात त्या सांगतात की २०११ मध्ये तो ब्रॉडवेवर नाटक करत होता तेव्हा शेकडो ओळी पाठ, पाच महिन्यांचे प्रयोग, एक चूक नाही. आणि २०१४ च्या वसंतात व्हँकुव्हरला एका चित्रपटाचं काम चाललेलं असताना त्याला एक एक ओळ लक्षात ठेवणं जड जात होतं. डावा हात थरथरत होता, झोप नव्हती, भीतीचे झटके येत होते. आपल्या बाबतीत काय होतंय हे त्याला कळत होतं, फक्त त्याला नाव मिळत नव्हतं. मेंदू एकदा बंद करून पुन्हा सुरू करता आला तर, असं तो म्हणायचा. नैराश्य होतं, पण ते लक्षणांच्या लांबलचक रांगेतलं एक लक्षण होतं.

म्हणजे त्याला त्याआधी मनाचे त्रास नव्हते का? होते. कोकेन आणि दारूशी त्याची झुंज जुनी होती. १९८२ मध्ये जॉन बेलुशी हा त्याचा विनोदवीर मित्र नशेच्या अतिसेवनाने गेला, त्यानंतर त्याने दोन्ही सोडलं. वीसेक वर्षांनी दारू परत आली. २००६ मध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे बोललाही. हे सगळं खरं आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण व्यसन, उदासी आणि शेवटचा मेंदूचा आजार, या तिन्हींची जबाबदारी त्याच्या विनोदावर टाकता येत नाही. विनोद हा त्याचा आजार नव्हता आणि आजाराचं झाकणही नव्हता. ते त्याचं काम होतं, न्यूयॉर्कच्या जुलियार्डसारख्या संस्थेत शिकून आणि रात्र रात्र क्लबमध्ये उभं राहून कमावलेलं.

तिथेच त्याच्याबरोबर शिकलेला, पडद्यावरचा 'सुपरमॅन' क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी, जगावं की नाही अशा मनःस्थितीत तो पडून होता. तेव्हा खोलीत एक रशियन बोलीचा डॉक्टर घुसला आणि तपासणीच्या नावाखाली काहीबाही बडबडू लागला. तो रॉबिन होता. अपघातानंतर आपण पहिल्यांदा तेव्हा हसलो आणि आता निभावेल असं वाटलं, असं रीव्हने स्वतः सांगितलं आहे. १९८६ पासून बिली क्रिस्टल आणि व्हूपी गोल्डबर्ग या विनोदी कलाकारांसोबत त्याने बेघरांसाठी पैसे उभे करणारे कार्यक्रम केले. इराक-अफगाणिस्तानात तैनात सैनिकांना हसवायला तो जात राहिला. हे हसू खोटं होतं असं म्हणायची माझी तयारी नाही. तुमच्या घरात त्या काळात जे हसू आलं तेही खरंच होतं. तो कसा गेला यामुळे त्यातलं काहीही मागाहून खोटं ठरत नाही. दुःख करा, पण त्याचे सगळे चित्रपट त्याच्या शेवटच्या दिवसाच्या सावलीत बसून पाहू नका.

आणखी एक सांगायचं आहे, कारण ते दादाच्या संदर्भात उपयोगी पडेल. तो गेला त्या रात्री ऑस्करवाल्या अकादमीने 'अल्लादीन'मधल्या त्याच्या जिनीचं चित्र टाकून, जिनी, तू आता मुक्त झालास, अशा अर्थाचा संदेश दिला. तो लाखो लोकांनी पुढे पाठवला. हेतू वाईट नव्हता. पण आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या तज्ज्ञांनी लगेच हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की जो माणूस आत्ता, या क्षणी, त्याच विचारात बसला आहे, त्याला यातून मरण म्हणजे सुटका असं ऐकू येतं. ती हरकत मला पूर्ण पटते. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्याच्या मृत्यूनंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी वाढल्या होत्या. आपल्याकडे दारात बसायला आलेली माणसं "सुटला बिचारा" म्हणतात, त्यांचाही हेतू वाईट नसतो. पण दादासमोर रॉबिनचा विषय निघाला, तर हे शब्द येऊ देऊ नका. तो सुटला नाही. तो आजारी होता, आणि आजाराला नाव मिळायच्या आत गेला.

आता दादा.

तो विनोदी आहे म्हणून मला त्याची काळजी वाटत नाही. नकला करणाऱ्या माणसांना नैराश्य गाठतंच असं नाही, आणि हसतमुख माणसाला ते होत नाही असंही नाही. म्हणून आईंचं म्हणणं मला पटत नाही, आणि तुमच्या मनातला रडणारा विदूषकही पटत नाही. मला काळजी वाटते ती तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींची. दीड वर्ष काम नाही. झोप गेली आहे आणि तो खोलीबाहेर येत नाही. आणि आपण नसलो तर बरं, असं तो बोलला आहे. असंच कुणी गंभीर स्वभावाचा माणूस बोलला असता तर घर त्याच रात्री जागं झालं असतं. दादा बोलला म्हणून सगळे हसले. विनोदी माणसाची अडचण ही असते की त्याची हाक हशात बुडून जाते.

त्याच्याशी एकट्याने बोला. पंगतीत नको, आईंसमोर नको, फोनवर तर नकोच. गाडीवरून कुठेतरी जा, किंवा गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फेरी मारताना बोला. शेजारी शेजारी चालताना पुरुषांना बोलणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. सुरुवात त्याच्याच वाक्यापासून करा: "दादा, गणपतीत तू जे म्हणालास ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तेव्हा सगळे हसले, मला हसू आलं नाही." मग गप्प राहा. तो काहीतरी गंमत करेल, ही त्याची सवय आहे. हवं तर हसा, पण विषय सोडू नका. मग सरळ विचारा: "जीव नकोसा झालाय का? जीव द्यावा असं मनात येतं का?" हे शब्द उच्चारताना तुमचा आवाज कापेल, कापू द्या. "तू तसलं काही करणार नाहीस ना?" असं मात्र विचारू नका, कारण त्या प्रश्नाला "नाही" हे एकच उत्तर देता येतं.

तो "हो" म्हणाला तर भाषण देऊ नका. मुलांचा विचार कर, आईचं काय होईल, लोक किती वाईट परिस्थितीत जगतात, हे त्याने स्वतःला हजार वेळा ऐकवलेलं असतं आणि त्यातून त्याला फक्त आणखी अपराधी वाटतं. ऐका. किती दिवसांपासून, ते विचारा. कसं करायचं हे ठरवलं आहे का, तेही विचारा. तसं काही ठरवलेलं असेल तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही. ज्या वस्तूंनी इजा होऊ शकते त्या घरातून हलवायच्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यायचं. वहिनीला तेव्हा सांगावंच लागेल. "कुणाला सांगणार नाही" असं वचन त्याला आधीच देऊन बसू नका.

तसं ठरवलेलं नसेल, नुसतं नकोसं वाटत असेल, तरी डॉक्टरकडे जायचंच. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल. थायरॉइड, बी-१२, साखर हे तपासून घ्या, आणि दारू वाढली आहे का हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगू द्या. रॉबिनला झाला तो आजार या वयात फारसा दिसत नाही, त्याने घाबरू नका. पण मनाच्या तक्रारीमागे शरीरही असू शकतं आणि ते तपासावं लागतं, एवढं त्याच्या आजारपणावरून घेण्यासारखं आहे. मग मानसोपचारतज्ज्ञ. खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि लोक नेमक्या त्याच काळात "काही फरक नाही" म्हणून बंद करतात. ते होऊ देऊ नका. पहिल्या दोनतीन भेटींना तुम्ही सोबत जा.

मध्यरात्री अडलं, किंवा काय करावं हे तुम्हालाच सुचेना, तर १४४१६ हा क्रमांक लावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. काळजी करणाऱ्या नातेवाइकांनीही तिथे फोन करायचा असतो, तो फक्त रुग्णांसाठी नाही. आणि पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून पुष्कळ घरं अशा वेळी डॉक्टरपासून गोष्टी लपवतात, तेही करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे.

नोकरीचा विषय पहिल्या बोलण्यात काढू नका. तो सुटायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ दादा नीट झोपलेला असायला हवा. त्याला नकला करायलाही सांगू नका. पुढच्या कार्यात कुणी "अरे, काकांची नक्कल कर ना" म्हणालं तर तुम्ही त्याला त्यातून बाहेर काढा, एखादं काम सांगून बाजूला न्या. हसवण्याची पाळी कायम आपलीच, हे ओझं त्याच्यावर लहानपणापासून आहे. तुम्हीच लिहिलं आहे की आईबाबा वेगळे झाल्यावर घरात हसू आणायचा तो दादाच. तेव्हा तो कितीसा होता, चौदा वर्षांचा. तुम्ही दोघं मिळून रडलात असं तुमच्या पत्रात कुठे नाही. त्या दिवसांबद्दल त्याला कधी विचारलं नसेल, तर तेही विचारा, अगदी पहिल्याच भेटीत नाही तरी नंतर.

आईंना सगळं समजावण्याची जबाबदारी आत्ता घेऊ नका. त्यांना एवढंच सांगा की दादाला झोप येत नाही म्हणून डॉक्टरला दाखवतो आहोत. झोप न येणं त्यांना समजेल. बाकीचं दादा स्वतः सांगेल तेव्हा सांगेल.

पुढच्या अंकाची वाट पाहू नका, बोलणं झालं की मला लगेच लिहा, आणि बोलणं जमलं नाही तरी लिहा.

– ताई